शाळेच्या नव्या गणवेश-नियमावलीवर पालक म्हणून काय लिहून द्यावं?

सातवीची_आई

नमस्कार. माझी लेक कॅथलिक शाळेत सातवीत आहे. सिस्टर लोकांची शाळा, बालवर्गापासून तिथेच. आम्ही स्वतः कॅथलिक नाही, पण शाळा आम्हाला आपली वाटते. लेकीला तर तिथली सकाळची प्रार्थना तोंडपाठ आहे. यंदा पालक-शिक्षक संघात मला वर्गाच्या वतीनं घेतलंय. मुख्याध्यापिका सिस्टरांनी गणवेश आणि वेशभूषेच्या नव्या नियमावलीचा कच्चा मसुदा आमच्या हातात दिला आणि लेखी अभिप्राय मागितला. विचारलं, याचंच मला फार बरं वाटलं. म्हणून दोन ओळी खरडून सही करून मोकळं व्हायचं नाही, नीट लिहायचं आहे.

मी गणवेशाच्या बाजूची आहे हे आधी सांगते. सकाळी काय घालायचं हा प्रश्न घरात उठत नाही, आणि वर्गात कुणाच्या घरी काय परिस्थिती आहे ते कपड्यांवरून कळत नाही, या दोन गोष्टी मला मोठ्या वाटतात. मसुद्यातलं निम्मं ठीकच आहे. काळे बूट, कापलेली नखं, बांधलेले केस, ओळखपत्र यावर माझं काही म्हणणं नाही.

अडतं ते स्कर्टपाशी. मसुद्यात लिहिलंय की मुलगी गुडघ्यांवर बसली की स्कर्टचा काठ जमिनीला टेकला पाहिजे, आणि महिन्यातून एकदा प्रार्थनेनंतर मैदानावर तशी तपासणी होईल. माझी लेक यंदा भराभर वाढली. जूनमध्ये नीट बसणारा स्कर्ट आता आखूड झालाय. जिना चढताना ती एका हातानं दप्तर सावरते आणि दुसऱ्या हातानं स्कर्ट मागून खाली ओढून धरते. ही सवय तिला यंदाच लागली. सगळ्या वर्गांसमोर तिला गुडघ्यावर बसवून काठ बघणार, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

त्याच पानावर पुढे, मुलांचं लक्ष विचलित होईल असा पेहराव मुलींनी टाळावा, असं वाक्य आहे. मुलांसाठी तसं काही नाही.

चॅपलमध्ये, म्हणजे शाळेतल्या प्रार्थनागृहात, जाताना मुलींनी डोकं झाकावं, हा चर्चचा नियम आहे, असंही लिहिलंय. खरंच आहे का? इतकी वर्षं तर कुणी सांगितलं नव्हतं. गळ्यात क्रूस किंवा पदक चालेल पण इतर कुठलेही धार्मिक दोरे, ताईत, कडी चालणार नाहीत, असं एक कलम आहे. तीनदा चूक झाली तर त्या दिवशी मुलाला घरी पाठवणार. आणि शर्टापासून मोज्यांपर्यंत सगळ्यावर शाळेचं चिन्ह हवं, एकाच पुरवठादाराकडून.

सिस्टरांचं मन दुखवायचं नाही, आणि गप्पही बसायचं नाही. यातलं कशावर जोर द्यावा, आणि स्कर्टची लांबी नियमात लिहायचीच तर कशी लिहावी? ज्यांनी अशा शाळेत शिकवलंय किंवा ज्यांना चर्चच्या नियमांची माहिती आहे त्यांनी कृपया सांगावं.

फळा_खडू

ताई, माझी सगळी नोकरी कॅथलिक शाळेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं शिस्त समितीचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही स्कर्टपासून सुरुवात केलीत, ते साहजिक आहे. मी शिक्षेच्या कलमापासून करीन. नियम मोडलेल्या मुलाचं पुढे काय होणार, हे आधी ठरलं की बाकीची कलमं आपोआप सौम्य होतात.

गणवेशात चूक असलेली मुलं मी रोज बघितली. मुद्दाम करणारी असतात, नाही असं नाही, पण ती थोडी आणि बहुतेक वरच्या वर्गांतली. बाकीच्यांचं कारण घरात असतं. शर्ट एकच आहे, रात्री धुतला, सकाळपर्यंत वाळला नाही. पट्टा दोन भावांत एक. आईवडील वेगळे राहतात, आणि शनिवार-रविवार वडिलांकडे गेलेल्या मुलाचे बूट तिकडेच राहिले. आता हे सगळं अकरा-बारा वर्षांच्या मुलानं फाटकाशी उभं राहून, मागून येणारी रांग बघत असताना, बाईंना कसं सांगायचं? तो "विसरलो" म्हणतो. विसरलो म्हटलं की शिक्षा कमी वाटते, घरची गोष्टही उघड्यावर येत नाही. बाई लिहून घेतात, विसरला. असं तीनदा झालं की मुलगा घरी.

घरी पाठवण्याला माझा साफ विरोध आहे आणि तुम्ही तो स्पष्ट लिहा. शाळेच्या वेळात मूल शाळेच्या ताब्यात असतं. घरी कोणी आहे का, ते कसं जाणार, याचा पत्ता नसताना त्याला पट्ट्यापायी बाहेर काढणं ही मोठी जोखीम आहे. शिवाय त्या दिवसाचे तास बुडतात. गणवेश शिकण्यासाठी आहे ना? मग गणवेशापायी शिकणं बुडता कामा नये, एवढं एक वाक्य नियमावलीच्या पहिल्या पानावर असावं असं मी सुचवीन.

त्याऐवजी काय, असं सिस्टर विचारतील, आणि विचारायलाच हवं. आमच्याकडे गणवेशाचं कपाट होतं. वर्ष संपताना मुलं लहान झालेले कपडे देत. ते धुऊन, इस्त्री करून, मापाप्रमाणे लावून ठेवलेले असत. स्कर्ट, शर्ट, पट्टे, नवे मोजे, सॅनिटरी पॅडसुद्धा. किल्ली मावशींकडे. मूल मावशींकडे जाई, हवं ते घालून वर्गात येई, दुसऱ्या दिवशी आणून देई किंवा न देई. वहीत नाव लिहायचं नाही, हा मुद्दा मी शेवटपर्यंत धरून ठेवला. नाव लिहायला लागलं की मुलं कपाटाकडे फिरकत नाहीत. चूक वारंवार होत असेल तर चिठ्ठी पालकांना, बंद पाकिटात, आणि तीत पहिला प्रश्न हा, की काही अडचण आहे का.

एक गोष्ट सांगते. एका मुलाच्या शर्टाची कॉलर झिजली होती. त्याच्या आईनं ती उसवून, उलटी करून, आतली चांगली बाजू वर घेऊन पुन्हा बसवली होती. टीप इतकी बारीक की जवळ गेल्याशिवाय कळू नये. आमच्या तेव्हाच्या नियमांत, डागडुजी केलेला गणवेश चालणार नाही, असं वाक्य होतं. मी समितीत ते वाक्य वाचलं आणि मुलाचं नाव न घेता कॉलरबद्दल सांगितलं. वाक्य त्याच बैठकीत गेलं. त्याच्या जागी आलं, गणवेश स्वच्छ आणि नीट शिवलेला असावा. तुमच्या मसुद्यात असं काही लपलेलं नाही ना, ते ओळ न् ओळ वाचून बघा.

आता ते लक्ष विचलित होण्याचं वाक्य. ते बदलून मागू नका, काढूनच टाकायला सांगा. नियम असा हवा की पाळला की नाही ते पालकाला घरीच, निघण्याआधी बघता यावं. बूट काळे आहेत की नाहीत हे दिसतं. दुसऱ्याचं लक्ष कुठे जाईल, हे बारा वर्षांच्या मुलीनं कसं बघायचं? आणि त्या वाक्यानं मुलांवरही अन्याय होतो. त्यांना स्वतःचे डोळे आवरता येत नाहीत असं आपणच त्यांना शिकवतो. नियम कापडाबद्दल लिहा, मुलीच्या अंगाबद्दल नको. मैदानावर गुडघ्यावर बसवण्याचंही तेच. तिथे मोजलं जातं ते मुलीला.

धार्मिक चिन्हांबद्दल मी इतकंच लिहीन की जे काही असेल ते बारीक, शर्टाच्या आत, आणि खेळाच्या तासाला काढून ठेवलेलं किंवा पट्टीनं झाकलेलं. हे सगळ्यांना एकसारखं. क्रूसालाही आणि दोऱ्यालाही. साखळीत बोट किंवा हात अडकून इजा होते, हे कारण सगळ्या मुलांना पटतं आणि ते कुठल्याही धर्माला लागू आहे. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हटलं, तर शाळेत वर्षानुवर्षं जे कमावलंय ते एका कलमात जातं.

लांबी कशी लिहायची ते शिवणकाम जाणणाऱ्या कुणीतरी सांगावं. मला तेवढं कळत नाही.

टाचणी_दोरा

बाईंनी बोलावलं म्हणून आलो. शाळांचे गणवेश शिवणं हेच आमचं काम.

गुडघ्यावर बसवून लांबी कळते हा समज चुकीचा आहे. स्कर्ट कंबरेवर टांगलेला असतो आणि खाली येताना नितंबांवरून जातो. अंगानं भरलेल्या मुलीचा स्कर्ट तिथेच वर उचलला जातो, चुण्या उघडतात. एकाच कापाचे, एकाच लांबीचे दोन स्कर्ट दोन मुलींना घाला. एकीचा काठ टेकेल, दुसरीचा दोन बोटं वर राहील. दुसरीचा काय दोष?

नियम शिवताना लागू करा. वर्षाच्या सुरुवातीला माप घेताना मुलगी सरळ उभी, टेप कंबरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत, ही तयार लांबी. आणि आत कमीत कमी चार इंच दुमड. हे चार इंच नियमावलीत छापून घ्या. कापड वाचवायला बरेच पुरवठादार इंचभर दुमड ठेवतात, मग मधे मुलगी वाढली की सोडायला काही उरतच नाही. आई, तुमच्या लेकीच्या स्कर्टचा काठ आधी उलटून बघा. आत कापड असेल तर आजच तुरपाई उसवून सोडा. जुन्या घडीची रेघ दिसेल. ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवा, तरी राहिली तर त्या रेघेवरच एक सरळ टीप मारा. खालून दुसरी टीप मारली की ती मुद्दाम घातल्यासारखी दिसते.

कंबर दुमडून स्कर्ट आखूड करतात अशी तक्रार शाळा नेहमी करतात. मोठ्या मुली फॅशन म्हणून करतात, खरं आहे. पण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांत कंबर सैल म्हणून दुमडणाऱ्या कितीतरी असतात. स्कर्ट घसरतो, पिन टोचते, म्हणून गुंडाळतात. कंबरपट्टीत मागच्या बाजूला इलॅस्टिक आणि बाजूला हुकाच्या दोन जागा दिल्या की हे बरंचसं थांबतं.

कापडाचं सांगतो. सुती कापड अंगाला चांगलं, पण चुण्या टिकत नाहीत, रोज इस्त्री हवी. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडात उष्णतेनं चुणी कायमची बसते, म्हणून स्कर्टला पॉली-व्हिस्कोस वापरतात. शर्टाला मात्र सुताचं प्रमाण जास्त असू द्या, घाम तिथेच येतो. स्कर्ट आतून दोन पायांत विभागलेला शिवला तर बाहेरून चुण्यांचा स्कर्ट दिसतो आणि मुलगी जिना चढू शकते, मांडी घालून बसू शकते, धावू शकते. ज्यांना पँट हवी त्यांना त्याच कापडाची पँट. एवढे पर्याय ठेवले की लांबीचा वादच कमी होतो.

चिन्ह सगळ्यावर विणून किंवा छापून घेऊ नका. शिवून लावायचा बिल्ला ठेवा, तोही फक्त शर्टाच्या खिशावर. शर्ट फाटला की बिल्ला उसवून दुसऱ्यावर लावता येतो आणि साधा शर्ट कुठूनही घेता येतो. मोज्यावर चिन्ह बुटात जातं, ते कोणाला दिसणार आहे? लहान वर्गांना टाय द्यायचाच तर इलॅस्टिकचा द्या, खेळताना कुणी ओढला तर निसटेल. गाठीचा टाय गळ्याला आवळतो.

माजी_विद्यार्थिनी

मीही सिस्टर लोकांच्याच शाळेत शिकले आणि त्या शाळेवर माझा जीव आहे. तुमच्या मसुद्यात खेळाच्या दिवसाचा गणवेश काय आहे ते लिहिलं नाहीत. पांढरा स्कर्ट असेल तर कृपया तो बदलायला सांगा. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, पण हे सांगा.

पाळीच्या दिवसांत पांढरा स्कर्ट घालून मैदानावर उभं राहणं काय असतं ते मुलींनाच माहीत. आम्ही एकमेकींच्या मागून चालायचो, "बघ गं, काही दिसतंय का" विचारत. खेळण्यात लक्ष नसायचं. ज्यांना खरंच छान धावता यायचं त्या मुली त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून बाकावर बसायच्या. शाळेला वाटायचं मुलींना खेळाची आवड नाही.

विम्बल्डनमध्ये पांढऱ्या कपड्यांचा नियम किती कडक, पण तिथेही २०२३पासून स्त्री खेळाडूंना आतली चड्डी गडद रंगाची घालायला परवानगी दिली, याच कारणासाठी. शाळेला तर नुसता रंग बदलायचा आहे. वरचा टी-शर्ट पांढरा राहू दे, खाली गडद निळी किंवा काळी ट्रॅकपँट.

शिस्तप्रिय_बाबा

मला थोडं वेगळं वाटतं, रागावू नका. मी अशाच शाळेत शिकलो. आमचे फादर बुटाच्या नाडीपर्यंत बघायचे आणि त्यानंच आम्हाला वळण लागलं. आज इंच सोडा, उद्या रंग सोडा, परवा गणवेशच राहत नाही. पालकांनी प्रत्येक कलमावर हरकती घेतल्या तर शाळेनं चालवायचं कसं? कॅथलिक शाळेत मूल घालतानाच आपल्याला तिथली शिस्त माहीत असते.

शिवाय कायदाही बहुधा शाळेच्याच बाजूनं जातो. केरळ उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८मध्ये ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या एका शाळेच्या बाबतीत, डोक्यावरचा स्कार्फ आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू देण्याची विद्यार्थिनींची मागणी मान्य केली नाही. व्यवस्थापनाचा हक्क मोठा धरला. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीबद्दलचा १९६९चा प्रसिद्ध निकाल आहे तो सरकारी शाळांपुरता, खासगी कॅथलिक शाळेला तो बांधत नाही.

फळा_खडू

बाबा, रागावण्यासारखं काही नाही. फादर नाडी बघायचे, पण ते रोज तुमच्याशी बोलायचेही, म्हणून ते वळण लागलं असं मला वाटतं. ताईंच्या मसुद्यातली तपासणी महिन्यातून एकदा, मैदानावर, शेकडो मुलांसमोर आहे. तिच्यातून वळण लागत नाही, मुलं फक्त त्या एका दिवसाची भीती बाळगतात. आणि आम्ही कोणीच नियम सैल करा म्हणत नाही. चार इंच दुमड हा तर आताच्यापेक्षा कडक नियम आहे, फक्त तो पुरवठादाराला लागू आहे.

कायद्याचं तुमचं बरोबर. म्हणूनच ताईंनी पत्रात कोर्टकचेरीचं नाव काढू नये. पण कायदा सगळीकडे एकाच दिशेला नाही. इंग्लंडमध्ये बहुतेक कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात, आणि तिथे २०२१मध्ये गणवेशाच्या खर्चाबद्दल कायदाच झाला. चिन्ह असलेल्या वस्तू कमीत कमी ठेवा, वापरलेले गणवेश मिळण्याची सोय करा, हे तिथल्या शाळांना सांगितलेलं आहे. मोज्यांचा मुद्दा लिहिताना याचा उल्लेख केलात तर चालेल.

कॅनन_वाचक

मी काही वर्षं सेमिनरीत होतो, पुढे धर्मगुरू झालो नाही, पण कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, तेव्हा शिकलो आणि अजून वाचतो. त्यातल्या कलमाला कॅनन म्हणतात. तुमच्या डोकं झाकण्याच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येईल.

१९१७च्या कॅनन लॉमध्ये, कॅनन १२६२ मध्ये, स्त्रियांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं होतं. संत पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचा त्याला आधार. १९८३मध्ये नवा कॅनन लॉ आला. त्यात ही तरतूद नाही आणि कॅनन ६ नं जुना संग्रहच रद्द केला. आजही काही कॅथलिक स्त्रिया भक्तीनं डोक्यावर पातळ ओढणीसारखं वस्त्र (व्हेल) घेतात, ते सुंदरच आहे, पण ती त्यांची इच्छा. तुमच्या मसुद्यात चर्चचा नियम म्हणून जे लिहिलंय ते आज बरोबर नाही. हे लिहिताना फक्त कॅननचा क्रमांक आणि वर्ष द्या, सिस्टर स्वतः पडताळून बघतील.

विद्यार्थ्यांच्या गणवेशाबद्दल कॅनन लॉमध्ये काहीच नाही. धर्मगुरूंच्या पोशाखाबद्दल कॅनन २८४ आहे, व्रतस्थांच्या, म्हणजे सिस्टर-ब्रदरांच्या, पोशाखाबद्दल ६६९ आहे. तो पोशाख समर्पणाची खूण आणि गरिबीची साक्ष असावा, असं त्यात म्हटलंय. विद्यार्थ्यांचं शाळेनं, संस्थेनं ठरवायचं. धर्मप्रांताच्या बिशपांना कॅथलिक शाळांवर देखरेखीचा अधिकार कॅनन ८०६ नं दिलाय, पण तुमची गोष्ट तिथपर्यंत न्यायची गरज मला दिसत नाही.

तुमच्या उपयोगाचं कॅनन ७९६ आहे. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात शिक्षकांनी पालकांशी जवळून सहकार्य करावं, त्यांचं म्हणणं आनंदानं ऐकावं, पालकांच्या संघटना किंवा सभा असाव्यात आणि त्यांना मान द्यावा, असं आहे. म्हणजे तुम्ही अभिप्राय देताय ते चर्चला अपेक्षितच आहे. संकोच करू नका.

आणखी दोन गोष्टी सांगतो, त्या सिस्टरांना जवळच्या वाटतील. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाचा हुकूमनामा काढला. त्याच्या सतराव्या कलमात व्रतस्थांच्या वेषाच्या कसोट्या दिल्या आहेत. वेष साधा आणि शालीन, गरिबीला साजेसा आणि तरी शोभणारा, आरोग्याला मानवणारा, काळाला, स्थळाला आणि कामाला जुळणारा असावा. जे वेष या कसोट्यांत बसत नाहीत ते बदला, असंही तिथेच सांगितलंय. त्यानंतर जगभरच्या अनेक संस्थांच्या सिस्टरांनी पिढ्यान् पिढ्यांचा जड वेष बदलून सुटसुटीत वेष घेतला. तुमच्या मसुद्यातलं प्रत्येक कलम या कसोट्यांवर घासून बघा. खेळाचा स्कर्ट पांढरा असेल तर तो आरोग्याच्या कसोटीला उतरत नाही, चिन्हाचे मोजे गरिबीच्या.

त्याच दिवशी परिषदेनं शिक्षणावर जी घोषणा केली तिच्या नवव्या कलमात कॅथलिक शाळांनी गरिबांकडे, कुटुंबाच्या आधाराला मुकलेल्यांकडे आणि ख्रिस्ती श्रद्धेबाहेरच्यांकडे विशेष लक्ष द्यावं असं आहे. बाईंनी सांगितलेली ओला शर्ट घालणारी, एका पट्ट्यातली दोन मुलं, आणि दोरा बांधून येणारं मूल, ही सगळी त्या एका वाक्यात बसतात.

शालीनतेबद्दल कॅथलिक धर्मशिक्षण काय सांगतं हेही कुणी विचारलं तर हाताशी असू द्या. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २५२१ ते २५२४ त्यावर आहेत. तिथे शालीनता माणसाच्या प्रतिष्ठेचं रक्षण करणारी म्हटली आहे, आणि तिची रूपं संस्कृतीप्रमाणे बदलतात हेही मान्य केलंय. ती मुलींपुरती आहे असं तिथे कुठेही नाही.

सातवीची_आई

तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीनं लिहिलंत, आभार कसे मानू कळत नाही. टाचणी_दोरा दादा, काठ उलटून बघितला. दुमड जेमतेम एक इंचाची निघाली. सोडून काही उपयोग नव्हता, म्हणून आतून त्याच रंगाच्या कापडाची पट्टी जोडली आणि सगळी दुमड बाहेर काढली. काल ती दोन्ही हात मोकळे सोडून जिना चढली, मी खालून बघत होते.

खेळाचा गणवेश पांढराच आहे, स्कर्टसकट. मी तो मुद्दा घेतलाच नव्हता, लेकीला विचारलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "आई, हे नक्की लिही." तिच्या वर्गातल्या मुलींचं काय म्हणणं आहे तेही तिनं विचारून आणलं, ते मी नावं न घालता पत्रात जोडतेय.

स्कर्टचं कलम मी असं लिहिलंय, बघा जमतं का: "स्कर्टची तयार लांबी वर्षाच्या सुरुवातीला, विद्यार्थिनी उभी असताना, गुडघ्याच्या मध्यापर्यंत घेतली जाईल. पुरवठादारानं आत किमान चार इंच दुमड ठेवावी. स्कर्ट, विभागलेला स्कर्ट किंवा त्याच कापडाची पँट, यांतलं काहीही चालेल. वर्षाच्या मध्यात लांबी कमी झाल्यास वर्गशिक्षिका पालकांना खासगीत कळवतील आणि दुमड सोडण्यासाठी दोन आठवड्यांची मुदत देतील. कोणत्याही विद्यार्थ्याची मापं इतरांसमोर तपासली जाणार नाहीत."

शिक्षेच्या कलमाच्या जागी गणवेशाचं कपाट लिहिलंय. पहिल्या वर्षी कपडे गोळा करणं, धुणं आणि मापाप्रमाणे लावणं आम्ही पालक करू, असंही लिहिलंय, म्हणजे शाळेवर बोजा नको. डोकं झाकण्याबद्दल फक्त कॅननचे दोन उल्लेख दिले आणि ज्यांना इच्छा आहे त्यांनी झाकावं असं सुचवलं.

फळा_खडू

छान झालंय. दोन बदल सुचवते. मुदत दोन आठवड्यांऐवजी महिन्याची करा. पगार महिन्याला होतो आणि तुमच्यासारखं ज्यांच्या काठात काहीच नसेल त्यांना नवीन शिवावा लागेल. आणि दुमडीचा नियम पुरवठादाराशी होणाऱ्या करारातही घालायला सांगा, नाहीतर तो नियमावलीतच राहील आणि कापड पुन्हा इंचभरच येईल.

पत्र नुसतं पाठवू नका. सिस्टरांची वेळ मागा, आधी त्यांनी विचारल्याबद्दल आभार माना आणि समोर बसून वाचून दाखवा. मुलींचं जोडपत्र शेवटी न ठेवता सगळ्यात वर ठेवा. सिस्टर ते आधी वाचतील.